हेलिकॉप्टरचं बिल कोण भरणार? सोलापुरातून बीरला उडायला निघालेल्यांसाठी

सोलापूरला डोंगर नाही. एप्रिल-मेमध्ये थर्मल (तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी गरम हवा) मात्र असे उठतात की होटगी रोडवरची घार पंख न हलवता बघता बघता ठिपका होते. त्यामुळे पॅराग्लायडिंगचं वेड लागलेला आपल्याकडचा माणूस आधी कामशेत गाठतो, तिथे पी-वन, पी-टू हे शिकण्याचे पहिले टप्पे उरकतो आणि पुढच्या ऑक्टोबरात कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून रात्रीच्या बसने हिमाचलातलं बीर. विंग (डोक्यावरचा कापडी पंख) कुठली घ्यावी, हार्नेस (पट्ट्यांची बैठक) कसा असावा यावर त्याला सल्ला देणारे पैशाला पासरी मिळतात. एका गोष्टीवर मात्र कुणी बोलत नाही. बीरमागच्या धौलाधार डोंगररांगेच्या मागच्या अंगाला कुठेतरी उतरावं लागलं, हातपाय शाबूत आहेत, पण खाली यायला वाट नाही. मग न्यायला कोण येणार आणि पैसे कोण देणार?

व्यवहाराचं उत्तर असं की ज्याने हेलिकॉप्टर बोलावलं आणि ज्याच्या नावावर हमी घेतली गेली, तो देणार. खासगी कंपनीचं हेलिकॉप्टर हमी मिळाल्याशिवाय तळावरून हलत नाही. आणि विमा म्हणाल, तर धडधाकट पण अडकलेला माणूस बहुतेक पॉलिसींच्या फटीतून खाली पडतो. म्हणून या लेखातलं निम्मं काम सोलापुरातच, घरच्या टेबलावर बसून करायचं आहे. बीरला पोचल्यावर ते होत नाही. तिथे सगळ्यांचं लक्ष वाऱ्याकडे असतं.

आधी पॉलिसीचं मागचं पान

कपाटातली आरोग्य विम्याची पॉलिसी काढा. पुढची रंगीत पानं सोडून द्या आणि अपवादांची यादी शोधा. विमा नियामक आयआरडीएआयने सगळ्या कंपन्यांना या अपवादांची भाषा एकसारखी करून दिली आहे, त्यामुळे साहसी खेळांचं कलम ‘एक्सक्लूजन 09’ या क्रमांकाखाली लगेच सापडतं. त्याचा मथितार्थ असा: धोकादायक किंवा साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यामुळे लागलेल्या उपचारांचा खर्च मिळणार नाही. यातला ‘व्यावसायिक म्हणून’ हा भाग नीट वाचा. टँडेम उडवून, म्हणजे सोबत प्रवासी घेऊन, पैसे घेणारा पायलट या कलमात सरळ सापडतो. हौसेने उडणारा शिक्षक, दुकानदार किंवा आयटीतला पोरगा या कलमात तरी सापडत नाही. पण लगेच खूश होऊ नका, कारण हे सगळं रुग्णालयातल्या उपचारांबद्दल आहे. हाड जोडायचे पैसे मिळतील. त्या हाडाला डोंगरावरून खाली आणायचे मिळतील असं कुठेही लिहिलेलं नाही.

वैयक्तिक अपघात विमा वेगळा. त्यात अनेकदा असं कलम असतं की रीतसर विमान कंपनीचा तिकीट काढलेला प्रवासी सोडून इतर कोणत्याही प्रकारे हवेत असताना झालेला अपघात चालणार नाही. पॅराग्लायडर त्यात आलाच.

आता खरी गोम. ‘हेलिकॉप्टर’ म्हणताना आपण तीन वेगळे खर्च एकात कालवतो. पहिला शोध आणि सुटकेचा: तुम्ही कुठे आहात ते हुडकणं आणि तिथून उचलणं. दुसरा वैद्यकीय स्थलांतराचा: एका रुग्णालयातून मोठ्या रुग्णालयात नेणारी एअर अ‍ॅम्ब्युलन्स. तिसरा, वाईट पण विचारावाच लागणारा, मृतदेह घरी आणण्याचा. आपल्याकडच्या पॉलिसींवर ‘एअर अ‍ॅम्ब्युलन्स’ असं ठळक छापलेलं असतं, ते दुसऱ्या प्रकारचं. त्यासाठी डॉक्टरांनी ‘हलवणं गरजेचं’ असं लिहून द्यावं लागतं. कड्यावर बसून कडक भाकरी खाणाऱ्या माणसासाठी कुठलाही डॉक्टर तसं लिहून देणार नाही. तिथे लागतो पहिल्या प्रकारचा विमा, आणि तो मुद्दाम शोधून, वेगळे पैसे मोजून घ्यावा लागतो. परदेशी कंपन्यांची सभासदत्वं किंवा साहसी खेळांच्या खास पॉलिसी या कामाच्या असतात. पण त्यांतही पॅराग्लायडिंग चालतं का, किती मीटर उंचीपर्यंत आणि भारतात चालतं का, हे तिन्ही तपासा. काही कंपन्या सभासदाच्या स्वतःच्या देशातली सुटका धरत नाहीत.

एजंटला फोनवर विचारू नका. आपल्याकडे एजंट म्हणजे बहुधा वडिलांचा मित्र नाही तर मामेभाऊ. ‘सगळं कव्हर आहे हो, काळजी कशाला करता’ हे तो मनापासून म्हणतो आणि त्याचा काही उपयोग नसतो. कंपनीला ईमेल करा आणि उत्तर ईमेलवरच मागा. मजकूर साधारण असा:

‘मी स्वतः पायलट म्हणून, एकट्याने, हौसेखातर पॅराग्लायडिंग करतो. टँडेमचा प्रवासी नव्हे. (1) यात झालेला अपघात या पॉलिसीत बसतो का? (2) मला इजा झालेली नाही, पण पायी बाहेर पडता येत नाही अशा जागी मी अडकलो, तर शोध आणि सुटकेचा खर्च मिळतो का, आणि कमाल किती? (3) हेलिकॉप्टर ठरवण्याआधी कोणत्या नंबरवर परवानगी घ्यायची, आणि पैसे तुम्ही थेट भरता की मी आधी भरून नंतर मागायचे?’

तिसऱ्या प्रश्नावर लोकांचे दावे फेटाळले जातात. सुटकेचा विमा असला तरी बहुतेक कंपन्यांची अट असते की हेलिकॉप्टर त्यांच्या मदत केंद्रामार्फत ठरलं पाहिजे, निदान त्यांना आधी कळवलं पाहिजे. घाबरलेल्या मित्राने परस्पर हेलिकॉप्टर ठरवलं की कंपनी बोट त्या अटीवर ठेवते. यामागे कारणही आहे. 2018 मध्ये नेपाळात ट्रेकर्सना गरज नसताना हेलिकॉप्टरमध्ये घालून विमा कंपन्यांना फुगवलेली बिलं लावण्याचे प्रकार उघडकीला आले, आणि तेव्हापासून या क्षेत्रातले लोक प्रत्येक बिलाकडे संशयानेच बघतात.

सरकारी हेलिकॉप्टर फुकट असतं का?

अडकलेल्या माणसापुरतं बघायचं तर सहसा हो. जिल्हा प्रशासनाने वायुसेना किंवा लष्कराला विनंती केली आणि त्यांनी तुम्हाला उचललं, तर बिल घेऊन कुणी सोलापूरला तुमच्या दारी येत नाही. पण खर्च कुठेतरी पडतोच. 2024 च्या डिसेंबरात केरळची ओरड आठवत असेल: 2018 चा पूर, वायनाडची दरड अशा प्रसंगी वायुसेनेने केलेल्या उड्डाणांपोटी केंद्राने राज्याकडे सुमारे 132 कोटी रुपये मागितले होते. म्हणजे हिशेब ठेवला जातो, फक्त तो दोन सरकारांमध्ये फिरतो.

अडचण पैशांची नाही, हुकमाची आहे. हे हेलिकॉप्टर तुमच्या सांगण्यावरून येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांना पटावं लागतं, त्यांची विनंती योग्य ठिकाणी जावी लागते, मशीन मोकळं असावं लागतं आणि हवामान उघडं असावं लागतं. त्यात वेळ जातो. शिवाय हेलिकॉप्टर आलं म्हणजे सुटका झालीच असंही नाही. 2022 च्या फेब्रुवारीत केरळातल्या मलमपुळाजवळ एक तरुण कड्याच्या कपारीत अडकला होता. तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर येऊन गेलं, त्याला जवळ जाता आलं नाही. शेवटी लष्कराचे गिर्यारोहक दोर लावून उतरले आणि त्याला वर घेऊन आले. 2023 च्या मार्चमध्ये वर्कलाच्या समुद्रकिनाऱ्यावर टँडेम ग्लायडर हायमास्ट दिव्याच्या खांबाला अडकला. तिथे अग्निशमन दल धावलं. आपल्या सह्याद्रीत तर हेलिकॉप्टरची वाट बघूच नका. कामशेत-लोणावळा पट्ट्यात आधी पोचतात ते शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक, दोर आणि स्ट्रेचर घेऊन, रात्री-अपरात्री, आणि तेही पैसे न मागता. अशा संस्थेला नंतर आपणहून देणगी द्यायला काही हरकत नसते, हे जाता जाता.

बाहेरच्या देशांत तीन वेगवेगळ्या रीती दिसतात. फ्रान्समध्ये डोंगरातली सरकारी सुटका सर्वसाधारणपणे नागरिकाला फुकट असते. स्वित्झर्लंडमध्ये 1952 साली सुरू झालेली रेगा ही संस्था गणपतीच्या वर्गणीसारखी चालते: लाखो लोक दरवर्षी थोडी रक्कम देतात, आणि वर्गणीदाराचा खर्च विम्याने दिला नाही तर रेगा तो माफ करू शकते. नेपाळात हमी दाखवा, मग पाती फिरतील. आपल्या हिमालयातल्या खासगी हेलिकॉप्टरची रीत नेपाळच्या जवळची आहे.

खासगी भाड्याचा आकडा ताशी लाखांत जातो. मीटर तुम्हाला उचलल्यापासून सुरू होत नाही. तळावरून निघाल्यापासून तळावर परत पोचेपर्यंत धावतो. म्हणजे तुमच्यापर्यंतचा रिकामा प्रवास, पहिल्या फेरीत न सापडल्यामुळे मारलेल्या घिरट्या, इंधनासाठीचं उतरणं, सगळं धरून. शोध जितका लांबेल तितकं बिल वाढतं. त्यामुळे अचूक ठावठिकाणा कळवणं म्हणजे थेट पैसे वाचवणं आहे.

घरी कुणाला काय सांगून जायचं

घरातलं एक माणूस ठरवा. आई नको, वडिलांचं बीपी वाढत असेल तर तेही नकोत. बहीण, बायको, नवरा, चुलतभाऊ, कुणीही. फोनवर न रडता सलग पाच वाक्यं बोलू शकणारं पाहिजे. त्याला एक कागद द्या.

त्या कागदावर सगळ्यात वर ही सूचना लिहा: ‘सोलापुरातून 112 किंवा 1077 लावायचा नाही.’ 1077 हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर. सोलापुरातून तो फिरवला तर सोलापूरच्याच कक्षात वाजणार, आणि तिथला माणूस तुम्हाला उजनीच्या विसर्गाबद्दल नीट सांगू शकेल, बीरवरच्या बिलिंग या टेक-ऑफच्या मागच्या धारेबद्दल नाही. कांग्रा जिल्ह्याचा कक्ष हवा तर धर्मशालेचा एसटीडी कोड 01892 आधी लावावा लागतो. निघण्यापूर्वी जिल्ह्याच्या संकेतस्थळावरून नियंत्रण कक्षाचे थेट नंबर उतरवून घ्या आणि एकदा लावून बघा. बीर कांग्रा जिल्ह्यात आहे, पण लांब उडालात तर मंडी, कुल्लू किंवा चंब्याच्या हद्दीत उतराल. त्या तिन्ही जिल्ह्यांचे नंबर त्याच कागदावर हवेत. डोंगराची धार ओलांडली की प्रशासन बदलतं, आणि दोन जिल्ह्यांच्या मध्ये फोन टोलवला जाण्यात अख्खी दुपार जाऊ शकते.

खाली तुमचं पूर्ण नाव, वय, रक्तगट, विंगचा आणि हेल्मेटचा रंग, पॅराग्लायडिंग शाळेचा किंवा गाइडचा नंबर, पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचा मदत क्रमांक. आणि एक ठरलेली वेळ. ‘रोज संध्याकाळी सहापर्यंत माझा मेसेज आला नाही तर आधी शाळेला फोन, साडेसहाला नियंत्रण कक्षाला.’ नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य जातो, त्यामुळे यापेक्षा उशिराची वेळ ठरवण्यात अर्थ नाही.

कांग्र्याच्या कक्षात बोलायचं ते हिंदीत. घरच्या माणसाकडून एकदा वाचून घ्या: ‘सोलापुर, महाराष्ट्र से बोल रही हूँ. मेरा भाई पैराग्लाइडर पायलट है, बिलिंग से ग्यारह बजे उड़ा था, आख़िरी लोकेशन साढ़े बारह बजे की है, लिख लीजिए.’ मग आकडे. इथे एक धोका आहे. फोनवर दिसणारं 32.11 अंश हे दशांशात असतं. ऐकणाऱ्याने ते 32 अंश 11 मिनिटं असं लिहिलं तर शोध आठ किलोमीटर उत्तरेला सरकतो, आणि धौलाधारमध्ये आठ किलोमीटर म्हणजे दुसरी दरीच. म्हणून ‘दशमलव’ हा शब्द मुद्दाम उच्चारायचा, आणि समोरच्याकडून आकडे परत वाचून घ्यायचे.

आता पैसे. समजा खासगी हेलिकॉप्टरला शनिवारी रात्री आगाऊ रक्कम पाठवायची वेळ आली. यूपीआयने साधारणतः दिवसाला एक लाखच जातात. आयएमपीएसची मर्यादा पाच लाख, आणि दोन लाखांवरच्या रकमेसाठी आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालतं. पण तुमच्या बँकेने नेट बँकिंगवर स्वतःची कमी मर्यादा घालून ठेवलेली असू शकते, आणि नवीन खातं जोडलं की पहिले काही तास मोठी रक्कम जाऊ देत नाही. सोलापुरात तर अनेकांचा खरा पैसा पतसंस्थेच्या ठेवीत नाही तर सहकारी बँकेत, नेट बँकिंगशिवाय पडलेला असतो. सोमवारी दहा वाजता तो निघेल. तेव्हा निघण्याआधी एका खात्यावरची मर्यादा वाढवून घ्या, आणि ते खातं त्या ठरलेल्या माणसाला चालवता येईल अशी सोय करा. चांगल्या मर्यादेचं क्रेडिट कार्ड असेल तर उत्तम.

मित्रांबरोबर जाणार असाल तर गाडीतच एकदा बोलून घ्या. तिथे ऑपरेटरच्या कागदावर सही करायची वेळ येते ती मित्रावर, आणि सही ज्याची, बिल त्याचं. तुम्ही बेशुद्ध असाल, तुमच्या घरच्यांचा फोन लागत नसेल, आणि मित्राला लाखांच्या हमीवर सही करायची असेल तर तो कचरणार. त्याला दोष देता येत नाही. ‘माझ्यासाठी इतक्या रकमेपर्यंत सही कर, घरचे भरतील’ असा एक मेसेज घरच्यांनाही टाकून, त्याच्या फोनवर ठेवून द्या. विषय अवघड वाटतो, पण दौंड यायच्या आत संपतो.

बरोबर काय घ्यायचं, काय नाही

सॅटेलाइट कम्युनिकेटर (मोबाईलची रेंज नसतानाही उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण) घेऊन जायचा मोह होईल, कारण परदेशी पायलटांच्या खांद्यावर तो लटकलेला दिसतो. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं उपकरण बाळगणं बेकायदा आहे. 2024 अखेर आणि 2025 च्या सुरुवातीला गोवा आणि दिल्ली विमानतळांवर परदेशी प्रवाशांना गार्मिन इनरीच या अशाच उपकरणापायी अडवून ठाण्यात नेलं गेलं. अमेरिकेतल्या मामाने पाठवला म्हणून घेऊन जाऊ नका.

मग उरतात रेडिओ आणि मोबाईल. रेडिओ कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आणि कुठल्या परवान्यात चालतो ते शाळेला विचारा. फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन टेक-ऑफआधी आठ तासांसाठी चालू करा. नेटवर्क गेलं तरी शेवटचा ठिपका घरच्या फोनवर राहतो. एक्ससीट्रॅकसारखं अ‍ॅप उड्डाणाची नोंद ठेवतं, ती नंतर विम्यालाही कामाला येते.

हार्नेसच्या मागच्या खिशात: हेडलँप, शिट्टी, पॉवर बँक, पातळ डाऊन जॅकेट, फॉइलचं ब्लँकेट, हुक नाइफ (दोर कापायची आकडेदार सुरी), पाणी, आणि डेंटल फ्लॉसची डबी. फ्लॉस दातांसाठी नाही. झाडात लटकलात तर तो खाली सोडायचा, खालच्या माणसाने त्याला दोर बांधायचा आणि तुम्ही वर ओढून घ्यायचा. खायला आपली कडक भाकरी आणि शेंगा चटणीची पुडी. वजन नाही, आठवडाभर खराब होत नाही, आणि बीरमध्ये ती बाहेर काढली की आजूबाजूला चार पायलट जमतात.

पंधरा जुलै ते पंधरा सप्टेंबर हिमाचलात पॅराग्लायडिंग बंद असतं. त्या काळात कुणी ‘आपण गुपचूप उडू’ म्हणाला तर विमा, हेलिकॉप्टर, सहानुभूती, तिन्ही गेली असं धरून चाला.

अडकल्यावर

बिलिंगचं टेक-ऑफ सुमारे 2400 मीटरवर आहे. मागच्या रांगा त्याच्याहून कितीतरी उंच. तिकडे लिफ्ट, म्हणजे वर उचलणारी हवा, संपली, वारा फिरला किंवा ढगाने गाठलं की माणूस जिथे जागा दिसेल तिथे उतरतो.

जमिनीला पाय लागले आणि सगळं ठीक असेल तर पहिलं काम विंग गोळा करणं. पायलटांचा हा अलिखित संकेत आहे: पसरलेली विंग म्हणजे अपघात, गुंडाळलेली म्हणजे ठीक. फोटो काढायच्या नादात विंग तशीच ठेवलीत तर वरून जाणारा कुणीतरी रेडिओवर ‘पायलट डाऊन’ सांगतो, आणि गरज नसलेला शोध सुरू होतो. लगेच कळवा: ठीक आहे, उतरलोय, चालत येतोय, अमुक गावाकडे.

खरोखर अडकला असाल तर उलट करा. विंग पसरवून ठेवा, कडांवर दगड ठेवा. वरून तुमच्याकडची सगळ्यात मोठी आणि रंगीत वस्तू तीच आहे. उतारावर मात्र तिच्यावर पाय देऊ नका, ते कापड गवतावर साबणासारखं सरकतं. मग 112 लावून बघा; स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या नेटवर्कवरून तो लागू शकतो. कॉल जात नसेल तर एसएमएस टाका, कमकुवत सिग्नलवरही तो निघतो. मेसेजमध्ये एवढंच: नाव, दशांशातले आकडे, उंची, इजा आहे की नाही, पायी निघता येतंय की नाही, बॅटरी किती. इजेबद्दल खोटं लिहू नका. ‘पाय मोडलाय’ म्हटलं की लवकर येतील असा सल्ला कुणी दिला असेल तर विसरा. उतरल्यावर डॉक्टर तपासतात, आणि खोटी माहिती दिल्याचं कारण दाखवून विमा कंपनी पूर्ण दावा नाकारू शकते. मेसेज गेला की फोन एअरप्लेन मोडवर टाका, तासाला एकदाच उघडा.

दुपारी तीनच्या पुढे अडकलात तर रात्र तिथेच काढायची तयारी ठेवा. डोंगरात हेलिकॉप्टर उजेडातच शोध घेतं, आणि पायलट मंडळींना पहाटेची वेळ आवडते: हवा थंड, म्हणजे दाट, म्हणजे पात्यांना उचल जास्त, शिवाय दरीतला वारा अजून उठलेला नसतो. अंधार पडायच्या आत वाऱ्यापासून आडोशाची जागा शोधा, हार्नेस अंगाखाली घ्या, स्वतःला बांधून घ्या आणि सपाट जागेवर विंग अंगाभोवती गुंडाळा. रात्री दिवा किंवा शिट्टी: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. मिनिटाला तीनदा उत्तर आलं की समजा कुणीतरी पाहिलं.

हेलिकॉप्टर आलं

आवाज येताच उठून हात हलवू नका. पहिली धाव विंगकडे. मघाशी जी तुमची खूण होती ती आता सगळ्यात धोक्याची वस्तू आहे. पात्यांच्या झोताने ती एका क्षणात फुगते, तुम्हाला कड्यावरून ओढून नेते, नाही तर पात्यांमध्ये जाते आणि मग वर-खाली सगळेच संपतात. हेलिकॉप्टर तुमच्याकडे वळलंय असं दिसलं की विंग कोंबून पिशवीत, पिशवी नसेल तर हार्नेसखाली, आणि वर स्वतः बसा. फॉइलचं ब्लँकेट, टोपी, रिकामी बाटली, सुटं काहीही बाहेर नको. कड्यावर किंवा झाडात लटकलेले असाल आणि विंग गोळा करता येत नसेल, तर आधी स्वतःला खोडाला किंवा खडकाला बांधा, मग हुक नाइफने लाइन्स, म्हणजे विंगच्या दोऱ्या, कापा. दोन-तीन लाखांच्या विंगवर सुरी चालवायला हात धजत नाही, पण झोत तुमच्या हिशेबाला थांबत नाही.

दोन्ही हात वर, इंग्रजी ‘वाय’सारखे: हो, मदत हवी. एक हात वर, एक तिरपा खाली: नको. तुम्ही ठीक असाल आणि ते दुसऱ्यालाच शोधत असतील तर हा दुसरा इशारा द्यावाच लागतो, नाही तर ते तुमच्यासाठी उतरतील आणि खरा जखमी वाट बघत राहील.

उतरायला पंचवीस-तीस मीटरची मोकळी जागा लागते. अशी जागा जवळ असेल तर तिच्या कडेला, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि हलू नका; पायलट तुमच्यावरून वारा आणि उंची जोखतो. खुणेशिवाय पुढे जायचं नाही. खूण झाली की समोरून, वाकून, पायलटला दिसत राहील असं. शेपटाकडे कधीही नाही. आणि चढाच्या बाजूने कधीही नाही, कारण तिथे जमीन वर येते आणि पाती डोक्याच्या उंचीला असतात.

उंचीवर हवा विरळ, त्यामुळे चार हजार मीटरच्या आसपास पायलट एकेक किलो मोजतो. ‘सामान राहू द्या’ म्हणाला तर राहू द्या. तिथे वाद घालणारे निघतात, हे मला आजही कळत नाही.

तुम्ही हवेत असताना दुसऱ्यासाठी हेलिकॉप्टर येत असेल, तर तो भाग सोडून लांब जा, जमलं तर उतरून घ्या. बघायला थांबू नका.

खाली आल्यावर

चहा पिण्याआधी दोन फोन: नियंत्रण कक्षाला आणि घरी. एका यंत्रणेला सापडलात म्हणून दुसरीला आपोआप कळत नाही; दरीत चालत निघालेली स्थानिक पोरं आणि पोलीस अजून तुम्हालाच हाका मारत असतील.

मग कागद. खासगी हेलिकॉप्टर असेल तर बिलावर तळावरून निघाल्याची, तुम्हाला उचलल्याची आणि परतल्याची वेळ लिहून घ्या. नुसती ‘एकूण रक्कम’ असलेलं बिल विमा कंपनी परत पाठवते. पोलीस चौकीतल्या नोंदीची प्रत मागा. गारठा बसला असेल, पाय सुजला असेल, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून तसं लिहून घ्या. सोलापुरात आल्यावर आपल्या डॉक्टरांनी चार दिवसांनी दिलेल्या कागदाला तितकं वजन नसतं. उड्डाणाची फाइल फोनमधून दुसरीकडे पाठवून ठेवा. आणि हे सगळं जमेपर्यंत थांबू नका: कंपनीला ‘घटना घडली’ एवढं त्याच दिवशी ईमेलने कळवा, कागद मागाहून.

मित्राने भरलेले पैसे विमा कंपनीच्या भरोशावर अडकवू नका. दाव्याला महिने लागतात. मित्राचा हप्ता पुढच्या पाच तारखेला असतो. आधी त्याचे द्या.

विंग वर राहिली असेल तर तिची जागा, रंग आणि ‘पायलट सुखरूप’ हे पोलिसांना, शाळेला आणि पायलटांच्या ग्रुपवर कळवा. पंधरा दिवसांनी ती कुणालातरी वरून दिसते, तो प्रामाणिकपणे खबर देतो आणि पुन्हा माणसं दरीत उतरतात. आणायला जायचं तर स्थानिक मेंढपाळ किंवा गाइडला मजुरी ठरवून पाठवा. आणल्यावर ती पुन्हा उडवण्याआधी तपासायला द्या, लाइन्ससकट.